मुंज्याला नवरी हवी; हडळीला?

लोणारच्या सरोवराची गोष्ट आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या बिळात दडून बसायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. देवांनी विष्णूला साकडं घातलं. विष्णूनं दैत्यसूदन नावाच्या देखण्या तरुणाचं रूप घेतलं आणि दैत्याच्या दोन बहिणींना भुरळ घातली. बहिणींनी भावाची जागा सांगितली, तरुणानं पायाच्या अंगठ्यानं बिळावरचं झाकण उडवलं, दैत्य मेला, खड्डा राहिला. भूगर्भशास्त्र या खड्ड्याचं कारण उल्का सांगतं. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ मात्र शेकडो वर्षं गोष्टीच्या बाजूनं उभं आहे.

या गोष्टीत एक अलौकिक पुरुष आहे. तो तरुण आहे, देखणा आहे, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या दोन मुली आहेत. मी ऐकलेल्या कुठल्याच सांगण्यात त्यांची नावं आली नाहीत. भाऊ गेल्यावर त्यांचं काय झालं, त्या तरुणानं पुन्हा कधी त्यांच्याकडं पाहिलं का, याची गोष्टीला गरज पडत नाही. त्यांचं काम पत्ता सांगण्यापुरतं होतं.

लोणारच्या शेजारी मेहकर तालुका, आणि त्यात विवेकानंद आश्रमामुळं ओळखलं जाणारं आमचं हिवरा आश्रम. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या या आश्रमाच्या शाळा-कॉलेजांमुळं आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली इथं शिकायला येतात. सोळा-सतरा वर्षांच्या या मुलींच्या मोबाइलवर जगभरच्या प्रेमकथा येऊन पोचल्या आहेत. त्यांतला एक प्रकार फार लोकप्रिय आहे: मुलगी साधी माणूस, मुलगा माणूस नाही. तो रक्तपिपासू असतो, लांडगा होणारा असतो, भूत असतो, शापित असतो. तो तिला मारू शकतो, आणि मारत नाही, हेच त्याचं प्रेम. या प्रकाराकडं स्त्रीवादी नजरेनं बघायचं तर दूर कुठं जायला नको. आमच्याच जिल्ह्यातल्या, बुलढाण्याच्या एका बाईनं 1882 साली त्यासाठी लागणारी पद्धत लिहून ठेवली आहे. तिच्याकडं येतेच, पण आधी सिनेमा.

‘ट्वायलाइट’ हा या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला सिनेमा. स्टेफनी मेयर यांची कादंबरी 2005 सालची, कॅथरीन हार्डविक यांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा 2008 सालचा, आणि 2012 पर्यंत एकूण पाच सिनेमे. पाचांनी मिळून जगभरात 3 अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली. बेला सतरा वर्षांची, नव्या गावात नव्या शाळेत आलेली. एडवर्ड दिसायला सतराचा. खरं तर 1901 साली जन्मलेला आणि 1918 च्या साथीत मरताना रक्तपिपासू झालेला. शंभरी ओलांडलेला पुरुष शाळेत जाणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो, आणि त्याचा चेहरा कोवळा असल्यामुळं हे अंतर कुणाला टोचत नाही. गावात कुणी चाळिशीतला माणूस बारावीतल्या मुलीला मागणी घालू लागला तर आपण लगेच बोट ठेवू. वयाचा फरक म्हणजे अनुभवाचा, पैशाचा, धाकाचा फरक असतो हे आपल्याला कळतं. सिनेमानं त्या फरकावर गोरा, चमकणारा चेहरा चढवला की तेच वय खोल, दुःखी आणि आकर्षक वाटायला लागतं.

एडवर्ड काय काय करतो, ते त्याचे दात बाजूला ठेवून पाहावं. तो बेलाच्या मागावर राहतो. ती झोपलेली असताना रात्री तिच्या खोलीत शिरून तिला न्याहाळतो, तिला न सांगता, कित्येक रात्री. ‘न्यू मून’मध्ये तिच्या भल्यासाठी म्हणून तिला सोडून जातो, निर्णय त्याचा एकट्याचा. त्यानंतर बेला खिडकीशी बसून राहते आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे महिने पडद्यावरून सरकत जातात. मैत्रिणी, अभ्यास, आईबाप, सगळं थांबतं. स्वतःला धोक्यात घातलं की त्याचा भास होतो हे लक्षात आल्यावर ती कड्यावरून समुद्रात उडी घेते. ‘इक्लिप्स’मध्ये तिनं दुसऱ्या मित्राकडं जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनात बिघाड करून ठेवतो. ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये लग्नानंतरच्या पहिल्या रात्री तिच्या अंगावर काळेनिळे वळ उठतात, आणि सकाळी तीच त्याची समजूत घालत बसते.

झोपेत न्याहाळणं, वाट अडवणं, गाडी बंद पाडणं, वळ उठवणं आणि मग पश्चात्तापानं खचून जाणं. यातलं काहीच अलौकिक नाही. हे सगळं आपल्या ओळखीच्या घरांत घडतं, आणि ज्या बाईच्या वाट्याला ते येतं तिला तेव्हाही हेच सांगितलं जातं की त्याचा फार जीव आहे तुझ्यावर. अलौकिकतेचं काम इथं नेमकं आहे. माणसानं केलं तर जे सहन होणार नाही ते रक्तपिपासूनं केल्यावर त्याचा स्वभाव ठरतं. त्याची तहानच तशी, तो किती आवरतो बघा! मग त्यानं आवरलं याचं कौतुक आणि तिनं जपून वागावं ही अपेक्षा, दोन्ही आपोआप येतात. त्याची भूक चाळवणार नाही असं वागण्याची जबाबदारी तिची. आपल्याकडच्या मुलींना ही शिकवण नवी नाही.

2013 साली भारतीय दंड संहितेत पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला, कलम 354 ड. आता भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे. मुलीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागं जाणं, संपर्क साधायचा प्रयत्न करणं, तिच्यावर पाळत ठेवणं, हे त्यात येतं. कायदा पुस्तकात आला, पण पाठलाग म्हणजे प्रेमाची खात्री ही समजूत सिनेमा रोज नव्यानं तयार करतो. बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत मागं येणाऱ्या मुलाची तक्रार घरी सांगितली तर कॉलेजच बंद होईल, हे ज्या मुलीला ठाऊक असतं तिच्यासाठी या समजुतीची किंमत फार मोठी असते.

विवेकानंदांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गावात राहून त्यांचं एक म्हणणं इथं सांगावंसं वाटतं. स्त्रियांचे प्रश्न कसे सोडवायचे असं विचारणाऱ्यांना त्यांनी उलट विचारलं होतं की ते सोडवणारे तुम्ही कोण? त्यांना शिक्षण द्या आणि बाजूला व्हा, त्यांचे प्रश्न त्या सोडवतील, असा त्यांचा सांगावा होता. एडवर्डला हे एकदाही जमत नाही. तिचं भलं कशात आहे हे तो पाचही सिनेमांत तिच्या आधी ठरवून बसलेला असतो.

इतकं असूनही मुलींना हे सिनेमे आवडतात, आणि त्या आवडीला हसणं मला मान्य नाही. ‘ट्वायलाइट’ आला तेव्हा त्याची टिंगल करणाऱ्यांत असे बरेच होते ज्यांना पुरुषांसाठी काढलेल्या तितक्याच बाळबोध मारधाडीच्या सिनेमांत काही वावगं दिसत नव्हतं. मुलींना आवडतं म्हणजे ते फालतू, हाही जुनाच न्याय आहे. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी 1975 साली एका निबंधात दाखवून दिलं होतं की मुख्य धारेतल्या सिनेमाचा कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो आणि बाई बघितली जाते. ‘ट्वायलाइट’मध्ये हार्डविक यांनी ते डोळे मुलीला दिले. कॅन्टीनमध्ये एडवर्ड आत येतो तेव्हा बघणारी बेला आहे आणि बघितला जाणारा तो आहे. सतरा वर्षांच्या मुलीला इच्छा असते, तीव्र असते, आणि ती सिनेमाच्या मध्यभागी ठेवण्याइतकी महत्त्वाची असते, हे तिथं मान्य झालं. हिवऱ्याच्या मुलीला ही मान्यता आणखी कुठं मिळते? घरात तिच्या लग्नाची चर्चा होते, इच्छेची होत नाही.

पहिल्याच आठवड्याच्या शेवटाला अमेरिकेत या सिनेमानं 6 कोटी 90 लाख डॉलरहून जास्त कमावले. बाईनं दिग्दर्शित केलेल्या सिनेमासाठी तो त्या वेळचा विक्रम होता. पुढचे चारही सिनेमे पुरुषांनी दिग्दर्शित केले.

म्हणून टीका मुलींच्या आवडीवर करायची नाही. त्या इच्छेला सिनेमा कुठल्या दावणीला नेऊन बांधतो, तिथं बोट ठेवायचं. आणि इथं ताराबाई शिंदे लागतात.

ताराबाईंचा जन्म बुलढाण्याचा, 1850 सालचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती शिक्षा कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या निमित्तानं ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं आणि 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं ते 1975 पर्यंत, जेव्हा स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं. मल्व्हींचा निबंध आणि ताराबाईंचं पुनरागमन एकाच वर्षी व्हावं, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

ताराबाईंची पद्धत पुस्तकाच्या नावातच आहे. बाईवर जो दोष ठेवता तो पुरुषाला लावून बघा, आणि पुरुषाला जी मुभा देता ती बाईला देऊन बघा. त्यांनी आपल्या काळातल्या नाटक-कादंबऱ्यांनाही सोडलं नाही, पुराणांनाही नाही. सावित्रीचं उदाहरण घेऊन त्यांनी विचारलं की नवऱ्याचे प्राण आणायला ती यमाच्या दरबारापर्यंत गेली, पण बायकोचे प्राण आणायला त्या वाटेवर तरी कुणी पुरुष गेल्याचं ऐकिवात आहे का? सावित्रीची कथा हीसुद्धा तरुण मुलीची अलौकिक प्रेमकथाच आहे. तिनं नवरा स्वतः निवडला, तो वर्षभरात मरणार हे माहीत असताना निवडला, आणि प्रत्यक्ष मृत्यूला बोलण्यात हरवलं. इतक्या बुद्धीची नायिका आपल्याकडं असताना वटपौर्णिमेला आपण तिच्यातली युक्तिवाद करणारी मुलगी बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या आयुष्यासाठी फेऱ्या मारणारी बाई तेवढी उचलली.

ताराबाईंची कसोटी ‘ट्वायलाइट’ला लावायची तर ती खुद्द मेयर यांनीच लावून ठेवली आहे. बेला म्हणजे वाचवली जाणारी अबला, या टीकेला उत्तर म्हणून त्यांनी 2015 साली कादंबरीच्या दहाव्या वर्षी ‘लाइफ अँड डेथ’ लिहिली. तीच कथा, पण बेलाच्या जागी बो नावाचा मुलगा आणि एडवर्डच्या जागी ईडिथ नावाची रक्तपिपासू मुलगी. माणूस दुबळा आहे म्हणून वाचवला जातो, बाई आहे म्हणून नाही, असं त्यांना दाखवायचं होतं. पण शेवट बदलला. त्या एकाच पुस्तकाच्या शेवटी बो स्वतः रक्तपिपासू होतो, म्हणजे त्याला ताकद आणि अमरत्व दोन्ही मिळतं. बेलाला तेच मिळायला चार पुस्तकं लागली: आधी वाट पाहणं, मग अठराव्या वर्षी लग्न, मग जीव घेणारं बाळंतपण, आणि मरता मरता ताकद. मुलगा असता तर पहिल्याच पुस्तकात जे हाती आलं असतं, ते मुलीला लग्न आणि मातृत्वाचा टोल भरून मिळालं. लेखिकेची इच्छा काहीही असो, तुलनेनं आपला निकाल दिला.

आता आपल्या मातीतली भुतं घेऊ. सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. त्याची लग्नाची इच्छा राहून गेलेली असते, म्हणून तो त्रास देतो. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. तिचे पाय उलटे, केस मोकळे, ती वाटेवरच्या पुरुषाला झपाटते. दोघंही अकाली गेलेले, दोघांचंही काहीतरी अपुरं राहिलेलं. तरी मुंज्याबद्दल लोक थोड्या कौतुकानं बोलतात, पारावर त्याला जागा देतात. हडळीला जागा नाही. तिला बाटलीत भरायचं, खिळ्यानं ठोकायचं. बाळंतपणात बायका मरत होत्या, कारण दवाखाना नव्हता, वय कोवळं होतं, अंगात रक्त नव्हतं. त्या मेलेल्या बाईची दया येण्याऐवजी तिची भीती वाटावी, अशी सोय समाजानं या समजुतीतून केली. तिला काय हवं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ जून 2024 मध्ये आला, हिंदीत असला तरी सगळं वळण मराठी. 1952 सालचं कोकण. गोट्या नावाच्या मुलाला त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीशी लग्न करायचं आहे. तिचं लग्न दुसरीकडं ठरतं, याची मुंज लावली जाते. तो धाकट्या बहिणीला, गीताला, बळी द्यायला चेटूकवाडीत नेतो आणि झटापटीत स्वतःच मरतो. पुढं आजच्या पुण्यात तो बिट्टू या तरुणाच्या मानगुटीवर बसतो आणि मुन्नीची नात बेला हिला मागतो. (बेला हे नाव इथंही यावं!) सिनेमा शंभर कोटींच्या पुढं गेला. तो मला आवडला, आणि त्यातल्या एका गोष्टीसाठी मी त्याचा मान ठेवते: नकार न पचवणारा पोरगा हा या सिनेमातला राक्षस आहे. ‘ट्वायलाइट’मध्ये जो हट्ट प्रेम ठरतो तो इथं विद्रूप, केसाळ, किंचाळणारा होऊन समोर येतो. मुलग्याच्या हट्टासाठी बहिणीचं रक्त चालतं, हे आपल्या घरांतलं सत्य इतक्या उघडपणे क्वचित पडद्यावर आलं असेल.

पण मुन्नी कोण होती? तिला गोट्याबद्दल काय वाटत होतं, ठरलेला नवरा तिला पसंत होता का, याला पटकथेत फारशी जागा नाही. बेला स्वतःच्या पायावर उभी आहे, व्यायाम शिकवते, हसते-खेळते. तरी कथा पुढं जाते ती तिच्यावर हक्क कुणाचा या भांडणातून. एका बाजूला भूत, दुसऱ्या बाजूला मनातलं बोलू न शकणारा बिट्टू. बिट्टूनं धीर करायला शिकावं हा सिनेमाचा प्रवास आहे, आणि बेला त्या प्रवासाच्या टोकाला ठेवलेली आहे. सुहास जोशींनी केलेली आजी, म्हणजे मोठी झालेली गीता, ही या सिनेमातली सगळ्यांत मोठी कथा होती. भावानं बळी द्यायला नेलेली मुलगी सत्तर वर्षं ते मनात घेऊन जगते. तिला मध्यावर ठेवून सिनेमा काढला असता तर तो आपल्या मातीतला या प्रकारचा पहिला मोठा सिनेमा झाला असता असं मला खरोखर वाटतं.

त्याच निर्मात्यांच्या ‘स्त्री’मध्ये (2018) उलट खेळ आहे. चंदेरीत रात्री पुरुष बाहेर पडायला घाबरतात, कारण बाईचं भूत त्यांना उचलून नेतं. पुरुष एकमेकांना बजावतात की एकटं जाऊ नको, मागून हाक आली तर वळू नको. बायकांनी जन्मभर पाळलेले नियम पुरुषांच्या तोंडी आले की थिएटर हसतं. ताराबाईंना ही उलटापालट आवडली असती. तरी अलौकिक पुरुषाला नायकपण मिळतं आणि अलौकिक बाईला भूतपण, हा हिशेब तिथंही पुरता फिटत नाही. बाहेरच्या जगातही तेच दिसतं. कॅनडाच्या ‘जिंजर स्नॅप्स’मध्ये (2000) वयात येणारी मुलगी लांडगा होते, आणि शेवटी तिला मरावंच लागतं. आपल्या वाट्याची ताकद आलेली मुलगी जगू शकते असं सांगणारे सिनेमे हाताच्या बोटांवर मोजावे लागतात.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो अमोल पालेकरांचा ‘पहेली’ (2005). विजयदान देथांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर तो आधारलेला आहे; त्याच कथेवर त्याआधी 1973 साली मणी कौल यांनी सिनेमा केला होता. नवरा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो, आणि झाडावरचं एक भूत नवरीवर, लच्छीवर, भाळून त्याचं रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याला, गावाला फसवणं त्याला सोपं असतं. पण नवरीच्या खोलीत गेल्यावर ते तिला खरं सांगतं: मी तुझा नवरा नाही, भूत आहे; आता तू ठरव. सासरच्या घरात त्या मुलीला कुणी काही विचारलेलं नसतं. लग्न ठरवताना नाही, नवरा निघून जाताना नाही. पहिल्यांदा विचारणारा निघाला तो भूत, आणि म्हणून ती त्याला हो म्हणते.

एडवर्ड आणि या भुतात मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं. दोघंही सामर्थ्यवान, दोघंही फसवू शकणारे. एक तिच्या झोपेत खोलीत शिरतो, दुसरा जागेपणी तिची परवानगी मागतो. परवानगी मागितल्यानं प्रेमातली ओढ कमी होते असं ज्यांना वाटतं त्यांनी तो प्रसंग पुन्हा पाहावा.

पुढं खरा नवरा परततो. देथांच्या कथेत न्याय करणारा एक धनगर युक्तीनं भुताला पखालीत कोंडतो, आणि ती बाई नवऱ्याच्या हाती परत जाते. कौल यांनीही तेच ठेवलं. पालेकरांना ते सोसवलं नाही. त्यांनी भुताला नवऱ्याच्या शरीरात शिरू दिलं आणि लच्छीला तिचा प्रियकर परत दिला. मला हा शेवट हवाहवासा वाटतो आणि तरी अपुरा वाटतो. न्याय कसा करायचा हे धनगरानं ठरवलं, शरीर कुणाचं घ्यायचं हे भुतानं ठरवलं, आणि लच्छी दारात उभी होती. तिला एकदा विचारलं गेलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तिनं नवऱ्याचंच रूप मागितलं असतं, की सासर सोडून भुताबरोबर निघून गेली असती, की दोघांनाही नको म्हणून भुतापासून झालेल्या मुलीला घेऊन वेगळी राहिली असती?